'इमारतीपासून ३० फुटांत झाड नको': सोसायटीच्या सूचनेला उत्तर

पारंबी
काल इथे कुणीतरी आपल्या सोसायटीची सूचना चिकटवली: 'इमारतीपासून ३० फुटांच्या आत यापुढे एकही झाड लावू नये, मुळं ड्रेनेज फोडतात आणि पाया उचलतात.' खाली अभिनंदनाची रांग लागली, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

धडधाकट पाइप मूळ फोडत नाही. आधी सांधा गळतो, भोवतीची माती ओली राहते, बारीक मूळ त्या ओलीकडे वळतं आणि फटीतून आत शिरतं. आत पाणी आणि खत दोन्ही मिळालं की त्याचा झुपका होतो, लाइन तुंबते. चिनीमातीचे जुने पाइप आणि सिमेंटने भरलेले सांधे, दुखणं तिथे आहे. झाड तोडून गळती थांबत नाही. पीव्हीसी टाका, सांधे सोल्युशनने किंवा रबर रिंगने पक्के करा, चेंबरला आतून प्लास्टर करा.

आणि सरसकट ३० फूट कशासाठी? तगर, कढीपत्ता, पारिजातक ६ ते ८ फुटांवर खुशाल लावा. बहावा, कांचन १५ फुटांवर. वड, पिंपळ, उंबराला मात्र ३० फूटही अपुरे.

चेंबर_क्र_४
सांध्याचं मान्य. काळ्या मातीचं काय? पाणी गेलं की ती आकसते, आलं की फुगते. मोठं झाड उन्हाळ्यात खालची ओल ओढतं, एका कोपऱ्याखालची माती बसते आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांची तिरकी चीर जाते. अशा जमिनीत झाडाच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकं अंतर ठेवतात. ४० फुटी झाड तर ४० फूट. म्हणजे कमिटीचा आकडा कमीच आहे!

पारंबी
उथळ पायाच्या बंगल्याला हे लागू, खडकापर्यंत पाया नेलेल्या इमारतीला नाही. सूचनेत मातीचं नाव तरी आहे का? शिवाय काळ्या मातीतलं जुनं मोठं झाड एकदम तोडलं, तर तीच माती पाणी पिऊन फुगते आणि पाया वर ढकलते. 'तोडून टाका' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

मोकळी_माती
तुम्ही अंतरावर भांडताय आणि झाडं मरतायत पेव्हर ब्लॉकने. बुंध्याला चिकटून फरशी! चारी बाजूंनी किमान १ मीटर माती उघडी हवी. आणि वृक्षारोपणाच्या दिवशी खणले जाणारे ते ३ × ३ × ३ फुटी खड्डे बंद करा. भुसभुशीत भरलेली माती पहिल्या पावसात खचते, रोप ४ ते ६ इंच खाली जातं, बुंध्याशी पाणी साचतं, साल कुजते. खड्डा रुंद हवा, मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट. खोली गोळ्याइतकीच.

पाटी_फावडं
पुस्तकी सल्ला! इमारतीच्या आवारात वरचे दोन फूट माती नसतेच. राडारोडा, विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा असतो. तो काढला नाही तर मूळ जाणार कुठे? ३ फूट खणावंच लागतं.

मोकळी_माती
राडारोडा असेल तर खणा, तेवढं मान्य. पण भरताना ६-६ इंचांचे थर द्या, प्रत्येक थर पाणी घालून बसवा, मग रोप ठेवा. बुंधा रुंदावून मुळं सुटतात ती जागा जमिनीच्या इंचभर वर राहिली पाहिजे. आधी रिकामा खड्डा पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तो खड्डा नव्हे, बादली आहे. तिथे उंचवटा करूनच लावा.

पाटी_फावडं
थर देऊन भरण्याचं ठीक. मग हेही लिहा की प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढायची. निम्मे लोक नुसती तळाशी फाडून पुरतात! आत गोल फिरलेली मुळं उभी चिरून मोकळी केली नाहीत, तर पुढे तीच बुंध्याला आवळतात.

चेंबर_क्र_४
खड्ड्यातून बाहेर येणार का? लावलेल्या झाडांचं काय करायचं ते सांगा. इमारतीकडची मुळं छाटून टाकली की प्रश्न मिटतो.

पारंबी
नाही मिटत! बुंध्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत मूळ तोडलं की झाडाची पकड जाते. बुंधा ३० सेंटिमीटरचा असेल तर ९० सेंटिमीटरच्या आत हात लावू नका, दीड मीटर सोडलं तर उत्तम. नाहीतर पहिल्या वादळात ते झाड गाड्यांवर पडेल आणि दोष पुन्हा झाडालाच. नवीन लावताना इमारतीच्या बाजूला एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, जाड पत्रा २ ते ३ फूट खोल उभा पुरा, वरची कड मातीच्या इंचभर वर ठेवा, नाहीतर मुळं वरून ओलांडतात.

चेंबर_क्र_४
पत्र्याखालूनही जातात, तेही लिहा. ठीक आहे, सरसकट ३० फूट नको. झाड आणि माती बघून यादी करा, कमिटीपुढे मी ठेवतो. पण भिंतीतल्या पिंपळाला माया दाखवू नका. नुसता उपटला की तुटलेल्या मुळातून परत फुटतो. प्लास्टर फोडून मूळ पूर्ण काढायचं, मगच फट भरायची.