विल्नियसमध्ये स्केचिंगला एकच दिवस, कुठे बसू?

रेघोटी: जूनमध्ये कामानिमित्त वॉर्सोला असेन. शुक्रवारी रात्रीच्या बसने लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसला जाऊन शनिवार निव्वळ स्केचिंगला द्यायचा आहे. सोबत छोटी वही, फाउंटन पेन आणि जलरंगांचा डबा. धावतपळत सगळं बघायचं नाहीये. कोणत्या वेळी कुठे बसावं, एवढंच कोणी सांगेल का?

उत्तरायण: रेघोटीताई, सेंट ॲन चर्च दुपारनंतरच काढा. त्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी समोरची बाजू सावलीत असते आणि विटा नुसत्या तपकिरी दिसतात. चारनंतर ऊन अंगावर आलं की त्याच विटांत नारिंगी, गुलाबी, जांभळट अशा छटा निघतात. १५०० च्या आसपासचं हे गॉथिक काम ३३ प्रकारच्या विटांतून उभं केलंय! त्या सगळ्या कागदावर आणायच्या मागे लागू नका. आधी अख्ख्या आकारावर यलो ऑकरचा (मातकट पिवळा) पातळ हात फिरवा, तो ओला असतानाच खालून बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) सोडा आणि सावलीत चिमूटभर अल्ट्रामरीन (गडद निळा). रंग आपापसात मिसळू द्या, कुंचला परत लावू नका. वाळल्यावर पेनने फक्त वर चढत जाणाऱ्या उभ्या रेघा आणि मधल्या वळणदार कमानी. मागचं बर्नार्डाइन चर्च भरभक्कम आहे, तेही थोडं घ्या. त्याच्यामुळेच ॲनचा नाजूकपणा कळतो. १८१२ मध्ये नेपोलियनला ते तळहातावर ठेवून पॅरिसला न्यावंसं वाटलं, अशी दंतकथा आहे. समोर उभं राहिलं की ती खोटी असली तरी पटते.

सकाळी सुबाचियाउस रस्त्यावरच्या उंचवट्यावर जा. ऊन पाठीशी आणि जुनं शहर समोर: लाल कौलं, मधूनमधून मनोरे, लांब टेकडीवर गेदिमिनासचा बुरूज. कौलांचा एकच सलग पट्टा रंगवा, मनोऱ्यांच्या जागा कोऱ्या सोडा.

कौनासकर: मी लिथुआनियातच शिकायला आहे. मधली वेळ विल्नियसमधल्या उझुपिस या वस्तीला द्या. १ एप्रिल १९९७ ला तिथल्या कलाकारांनी स्वतःचं 'प्रजासत्ताक' जाहीर केलं. विल्निया नदीवरचा पूल ओलांडला की आलंच. पाउपिओ रस्त्यावर त्यांची राज्यघटना अनेक भाषांत चकचकीत धातूच्या पाट्यांवर लावलीय, वाचताना आपलाच चेहरा दिसतो. जेवायला शाल्तिबार्श्चाइ मागवा: केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध), बीट, काकडी, शेपू घातलेलं गार सूप, सोबत गरम बटाटे. रंग थेट आपल्या दह्यातल्या बीटाच्या कोशिंबिरीचा. खाण्याआधी तो वहीत उतरवाच.

रेघोटी: दोघांचेही मनापासून आभार. आणि पाऊस आला तर?

उत्तरायण: मग संत पीटर आणि पॉल चर्च. कॅथेड्रलपासून अर्ध्या तासाच्या आत चालत पोचाल. बाहेरून साधं दिसतं, आत भिंतींपासून घुमटापर्यंत पांढऱ्या गिलाव्यातल्या दोन हजारांवर आकृती. १६७७ पासून इटालियन कारागिरांनी घडवलेलं काम आहे. रंगाचा डबा पिशवीतच ठेवा, तिथे टू-बी पेन्सिल पुरे. एकच कोपरा निवडा, एखादा देवदूत आणि त्याच्यामागची सावली. प्रार्थना चालू असेल तर वही मिटून मागच्या बाकावर बसा, संपली की काढायला घ्या.