‘हॉल’ म्हणजे दिवाणखाना का?

प्रश्न : सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये शेतकरी वारला की घरातल्या वस्तूंची खोलीवार यादी होई. ‘हॉल’ या नोंदीखाली हंडे, ते टांगायचे आकडे, चरखा, ‘पार्लर’खाली सगळ्यात चांगला पलंग. मराठी भाषांतरात ‘हॉल’ला दिवाणखाना आणि ‘पार्लर’ला बैठक चालेल का?

उत्तर : दिवाणखाना अजिबात नको. त्या घरात मधोमध धुराडं, एका अंगाला हॉल, दुसऱ्या अंगाला पार्लर. मॅसॅच्युसेट्समधल्याच डेडहॅमचं फेअरबँक्स हाउस (सुमारे १६४०) याच बेताचं आहे. रांधणं, जेवणं, सूत कातणं सगळं हॉलमध्ये. ‘माजघर’ म्हणावं. पार्लर शब्द मुळात फ्रेंच ‘बोलणे’वरून आलेला, पण घरधनी-धनीण तिथेच झोपत, म्हणून ‘बैठक’ अर्धाच अर्थ देते.

दुसरं मत : माजघर जवळचं खरं, पण आपल्या माजघरात चूल नसते. तेव्हा पहिल्यांदा ‘चुलीचं माजघर’ लिहा. पुढे घरामागे उतरत्या छपराची खोली काढून चूल तिकडे नेली, तिला मात्र आपला ‘पडवी’ हा शब्द चपखल बसतो.

पुन्हा पहिलं मत : मान्य. आता यादीतले आकडे. धुराड्यात आडवा दांडा असे आणि त्यावरून आकड्यांनी हंडे लोंबत. दांडा ओल्या लाकडाचा घेत, म्हणजे लवकर पेटत नसे. पण आचेने तो आतून वाळत, कोळपत जाई, बदलायला उशीर झाला की मोडे आणि उकळता हंडा खाली येई. अठराव्या शतकात त्याच्या जागी भिंतीत बसवलेला, बाहेर फिरवता येणारा लोखंडी हात रुळला. त्याचं नाव ‘क्रेन’. त्याला ‘यारी’ म्हटलं तर वाचकाला बंदर आठवेल. ‘फिरता हात’ बरा. दातेरी पट्टीचा आकडा एकेक खाच वर चढवला की हंडा आचेपासून दूर जातो. आच कमी करायची रीत तीच.

पलंगाबद्दल : ‘बाज’ लिहू नका. बाजेला वीण असते. इथे चौकटीच्या भोकांतून उभी-आडवी दोरी ओवलेली. ती सैल पडली की झोपणारे मधे घरंगळतात. लाकडी पिळणीने एकेक ओळ ताणायची आणि पुढच्या भोकाकडे जाण्याआधी ताणलेल्या भोकात खुंटी ठोकायची, नाहीतर ताण परत सुटतो. यादीत ‘पलंगाची किल्ली’ आली तर ती कुलपाची नव्हे, ही पिळणी.