मुलांना घेऊन मिरवणूक बघायला गेलात का? काय झालं ते लिहा

पाडवा जवळ आला की आमच्याकडे दरवर्षी एकच वाद, पोरांना यात्रेला न्यायचं की टीव्हीसमोर बसवायचं. मी डोंबिवलीची. १९९९ ला इथे नववर्ष स्वागतयात्रा पहिल्यांदा निघाली, गणेश मंदिर संस्थानाने काढलेली, तेव्हा मी सातवीत होते आणि परीक्षा तोंडावर असूनही आईने सोडलं होतं. त्याआधी आमच्यासाठी पाडवा म्हणजे दारात गुढी, कडुलिंबाचं पान आणि दुपारी श्रीखंड खाऊन झोप. आता ठाणे, गिरगाव, नाशिक सगळीकडेच निघतात यात्रा, पण पहिली आमची, हे डोंबिवलीकर सांगितल्याशिवाय राहत नाही, तर मीही सांगितलं.

मागच्या वर्षी लेक सहा वर्षांची, लेक म्हणजे हौसच हौस. शिवलेली नऊवारी, चापाची नथ, अंबाडा, वर गजरा. धाकटा तीनचा, त्याला धोतर घातलं ते फडके रोडला पोचेपर्यंत दोनदा सुटलं. नथ मात्र खरी व्हिलन. चाप इतका घट्ट की नाकपुडी लालबुंद, काढू म्हटलं की "नको मला पाहिजेच" आणि ठेवली की रडं. आणि बरोब्बर चित्ररथ समोर आल्यावर "आई शू". शिवलेल्या नऊवारीत, त्या गर्दीत! मी तिला उचलून गल्लीत शिरले तर वरून एका काकूंनी बघितलं असावं, गॅलरीतून हाक मारली, "अगं वर ये, पोरीला घेऊन ये, दार उघडंच आहे." ना ओळख ना पाळख. बाथरूम झालं, पन्हं झालं आणि उरलेली यात्रा आम्ही त्यांच्याच गॅलरीतून बघितली. नवरा खाली तासभर फोन करतोय, माझा फोन पर्समध्ये, पर्स त्याच्याच खांद्याला.

तर तुम्हीही लिहा, कुठली मिरवणूक, पोरं केवढी, काय फसलं. कुठलीही चालेल, फक्त पाडव्याचीच असं नाही.

——

गिरगाव. फडके गणपती मंदिरापासून निघते ती. मुलगा आठ वर्षांचा. फेटे बांधून, गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या बायका आल्या, मी भारावून व्हिडिओ काढतेय तर चिरंजीव मोठ्याने, "आई, यांच्यापैकी कुणीच हेल्मेट नाही घातलं." आजूबाजूचे सगळे हसले. शाळेत नुकताच वाहतुकीचा धडा झाला होता. घरी येईपर्यंत तेच पुराण, फेट्यावर हेल्मेट बसतं का, मग हेल्मेटवर फेटा का नाही बांधत. उत्तर असेल तर कळवा.

——

आमच्या नागपूरची मारबत लिहितो, कारण मुंबई-पुण्याकडच्या पुष्कळांना हे प्रकरण माहीतच नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून, म्हणजे माझ्या पणजोबांनीही पाहिली असणार. मोठ्ठ्या पुतळ्या, मिरवत न्यायच्या अन् शेवटी जाळायच्या, सोबत बडगे, म्हणजे त्या त्या वर्षी ज्याचा लोकांना राग आला त्याचे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या. लोक ओरडत असतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!"

माझी जुळी पोरं, पाच वर्षांची, पहिल्यांदा इतवारीत नेली. त्याच दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा असते, त्यामुळे दोघांचे लाकडी बैल बरोबर घ्यायचे म्हणून हट्ट. मी म्हटलं संध्याकाळी आहे ना बाप्पा पोळा, आता कायले? ऐकते कोण. एक बैल माझ्या काखेत, एक बायकोच्या. काळी मारबत दिसली अन् एकजण जो माझ्या मानेला चिकटला तो चिकटलाच, डोळे उघडायला तयार नाही. दुसरा मात्र पेटला. त्याने ओळखलं की इथे जे नको ते ओरडून सांगायचं असते. "खोकला घेऊन जा गे मारबत!" झालं, "दोडकी घेऊन जा गे मारबत!" झालं, मग भावाकडे बोट करून "याला घेऊन जा गे मारबत!" म्हणाला, तसा मानेवरचा जो किंचाळला, ढोल त्याच्यापुढे काहीच नाही.

त्या गडबडीत माझ्या काखेतल्या बैलाचं एक चाक पडलं. शोधलं, पण त्या पायांच्या गर्दीत काय सापडते. संध्याकाळी तीन चाकांचाच बैल सजवून घरोघर नेला. अन् सांगू का, बोजारा, म्हणजे घरोघर पोरांना देतात ते पैसे-खाऊ, त्यालाच जास्त मिळाला. लंगड्या बैलाची दया आली लोकांना. भावाने ते बघितलं आणि रात्री स्वतःच्या बैलाचं चाक स्वतः काढून ठेवलं, पुढच्या वर्षीसाठी.

——

मी ढोल-ताशा पथकात वाजवतो, पुण्यात, त्यामुळे उलट्या बाजूने लिहितो. आम्हाला समोरची पोरं दिसतात हो. कान दाबून रडणारं बाळ आणि त्याला हसत हसत अजून पुढे धरणारे बाबा, हे दृश्य दर मिरवणुकीत असतं. कृपा करून नका करू. कापसाचे बोळे फारसे उपयोगाचे नाहीत, कान पूर्ण झाकणारे ते हेडफोनसारखे मफ मिळतात लहान मुलांचे, ते घ्या. आणि ढोलापेक्षा ताशापासून लांब उभे रहा, तो आवाज टोकदार असतो, ढोल छातीत बसतो पण ताशा कानात शिरतो.

गणपतीची विसर्जन मिरवणूक दाखवायची असेल तर सकाळीच या. मंडईत टिळकांच्या पुतळ्यापासून सुरू होते, पुढे मानाचे पाच गणपती, कसबा पहिला. लक्ष्मी रोड अरुंद, दोन्हीकडे उंच इमारती, आवाज घुमून परत येतो आणि मूल घाबरलं तर बाहेर पडायला वाटही नसते. तान्ह्यांना घेऊन तिथे मध्यावर उभं राहू नका, अलका चौकाच्या बाजूला मोकळं असतं त्यातल्या त्यात. मोठ्या पोरांना मिरवणुकीपेक्षा सराव बघायला आणा आधीच्या महिन्यात, नदीकाठी संध्याकाळी बऱ्याच पथकांचे चालतात. आम्ही हातात टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, देतो, दोन ठोके मारू देतो. माझी स्वतःची भाची तशीच लागली या नादाला, आता माझ्या चुका काढते.

——

२६ जानेवारी, शिवाजी पार्क, संचलन. पहाटे उठवून, आंघोळ घालून, झेंडा खिशाला लावून नेलं. बँड वाजायच्या आत खांद्यावर झोपला. घरी येऊन टीव्हीवर दिल्लीची दाखवली, तर म्हणतो मी हे आत्ताच बघून आलो.

——

न्यूयॉर्क. थँक्सगिव्हिंगची मोठ्या फुग्यांची मेसीजची परेड, १९२४ पासूनची. सल्ला एकच, परेडच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जा. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या भोवती ते अवाढव्य फुगे फुगवतात, जाळ्याखाली आडवे पडलेले असतात, आणि मुलांना तेच जास्त आवडतं कारण अगदी जवळून दिसतं. माझी चार वर्षांची लेक एका फुग्याच्या नुसत्या पावलासमोर दहा मिनिटं उभी होती, बाकीचा फुगा अजून भरायचाच होता. "बाबा, याला उठवू नका हं," म्हणाली हळूच.

दुसऱ्या दिवशी आम्ही हौसेने पहाटे जाऊन उभे राहिलो ते मात्र चुकलं. तीन तास थंडीत, जागा सोडली तर गेली, बाथरूम कुठे ते विचारू नका. आजी पाहुण्या आल्या होत्या भारतातून, साडीवर दोन स्वेटर, वर कोट, त्यावर शाल, आणि त्याच सगळ्यात शेवटपर्यंत टिकल्या. आम्ही दोघं काकडत होतो.

——

वाचून हसू येतंय पण आमचा अनुभव हसण्यासारखा नव्हता तेव्हा. ठाण्याची यात्रा, तलावपाळीला उभे होतो. मुलगा चार वर्षांचा. मला वाटलं यांच्याकडे आहे, यांना वाटलं माझ्याकडे आहे. हातावर पेनाने फोन नंबर लिहिला होता, पण उन्हाने घाम येऊन तो कधीच पुसला गेला होता. सात-आठ मिनिटंच गेली असतील पण माझे पाय लटपटत होते, हाक मारावी तर ताशापुढे ऐकू कोणाला जातंय. सापडला कुठे, तर आमच्यापासून वीसेक पावलांवर, एका अनोळखी गृहस्थांचं बोट धरून मजेत मिरवणूक बघत. पांढरा कुर्ता आणि भगवा फेटा, यांच्यासारखाच. त्या रस्त्यावरच्या निम्म्या पुरुषांचा तोच वेष! त्या गृहस्थांनाही बोट कोणी धरलंय हे माहीत नव्हतं, त्यांना वाटलं पुतण्या आहे. मी रडत जाऊन उचलला तर हा माझ्याकडे बघून वर यांच्याकडे बघतोय, की हे कोण?

तेव्हापासून हे पाडव्याला पोपटी कुर्ता घालतात. फोटोत भयंकर दिसतात. आणि नंबर आता चिठ्ठीवर लिहून पोराच्या खिशात सेफ्टी पिनने लावते, आतून.

——

मूळ धागा टाकणारी मीच परत. सेफ्टी पिनची आयडिया उचलली. कान मफ मागवलेत दोन. ताई, पोपटी कुर्त्याचं नवऱ्याला सांगितलं, त्याने ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं.

काकूंबद्दल एकदोघांनी मेसेजमध्ये विचारलं. हो, दिवाळीत फराळ घेऊन गेलो होतो. दार तसंच उघडं. यंदा त्यांनीच निरोप धाडलाय की सातला या, जागा धरून ठेवते, आणि पोरीला म्हणावं ती नथ नको घालूस, माझ्याकडे सैल चापाची आहे.