माद्रे, पाद्रे आणि आपली फजिती

तळ्याकाठची:
काल भाची मिसळ खाऊन म्हणाली "मावशी, बाप झालीये!" आणि मला एकदम ग्वादालाहारा आठवलं. मेक्सिकोत पण एखादी गोष्ट भारी असली की "के पाद्रे!" म्हणतात, शब्दशः 'काय बाप!' बापाचं ठीक आहे, आईचं प्रकरण अवघड आहे.

2014 ला कंपनीने सहा महिने तिकडे पाठवलेलं. टीमबरोबर टोर्ता आओगादा खायला गेलो, म्हणजे कडक पावात पोर्क भरून अख्खा पाव सॉसमध्ये बुडवतात, मी नुसत्या बीन्सचा घेतला, आपली तर्री-पावच समजा. एकाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी दोन दिवस घोकलेलं वाक्य जिव्हाळ्याने टाकलं, "कोमो एस्ता तु माद्रे?", म्हणजे स्पॅनिशमध्ये 'तुझी आई कशी आहे?' टेबल चिडीचूप. समोरच्याने पाव तोंडाशी नेलेला तसाच, सॉस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतोय. मग कोपऱ्यातून कोणीतरी "उउउय" केलं आणि सगळे फुटले.

तिकडे शिव्यांमुळे 'तु माद्रे' इतकं बदनाम झालंय की दुसऱ्याच्या आईला 'तु मामा'च म्हणायचं. हो, मामा म्हणजे आई, आणि आपला मामा म्हणजे तिओ. आमच्या टेस्टरने टिश्यूवर लिहून दिलं: मे वाले माद्रे = मला काडीचा फरक पडत नाही. नि माद्रेस = अजिबात नाही. देसमाद्रे = सावळागोंधळ. आ तोदा माद्रे = झकास. "एस्ता दे पोका माद्रे" म्हणजे लय भारी आणि नुसतं "के पोका माद्रे" म्हणजे काय निर्लज्जपणा! एका 'दे'चा फरक. हे मला बॉसच्या डेमोनंतर कळलं, आधी नाही :(

तुमचे पण येऊद्यात. स्पॅनिशच हवं असं काही नाही.

चहाबाज:
बाप धागा. कुकर लावून येतो.

ह्यूस्टनची_सून:
अगं आमच्याकडे किचनचं काम चालू होतं, दोघं मेक्सिकन कामगार, एकजण शिडीवरून सारखा ओरडतोय "पासामे एसा माद्रे!" माझं स्पॅनिश सगळं त्या हिरव्या घुबडाच्या ॲपवरचं, मला फक्त माद्रे कळलं, मला वाटलं आईंशी काहीतरी बोलायचंय. सासूबाई पूजा अर्धी टाकून, हात पुसत बाहेर आल्या, "काय हो भाऊ?" तो बिचारा शिडीवर गोरामोरा. त्याला पाना हवा होता. एसा माद्रे म्हणजे 'ते हे'. आपण नाही का म्हणत, ते हे दे गं तिथलं.

तळ्याकाठची:
@ह्यूस्टनची_सून आई गं, डोळ्यात पाणी आलं हसून. सासूबाईंना खरं सांगितलंस का?

ह्यूस्टनची_सून:
नि माद्रेस!

बिनपगारी:
आमचं मेक्सिकोतल्याच केरेतारोत झालेलं. मला दार वाजवायची लहानपणापासूनची सवय, टक, टकटक टक टक... टक टक. घरमालकीण सत्तरीची, रोज देवळात जाणारी बाई. भाडं द्यायला गेलो, तसंच वाजवलं, बाई झाडू घेऊनच बाहेर आली. त्या सात ठोक्यांत तिकडे आईवरची शिवी ऐकू येते, ट्रॅफिकमध्ये हॉर्नवर तेच वाजवतात. एक शब्द न बोलता मी तिला शिवी दिली होती, ती पण भाड्याचे पैसे हातात धरून. सकाळी केळी घेऊन माफी मागायला गेलो आणि या वेळी बेल वाजवली.

मी_वाचतो_फक्त:
सगळ्या भाषांत आईवरूनच का शिव्या, बापाला कोणी हात लावत नाही. आपलं आयला, च्यायला तरी काय वेगळं. असो, चालू द्या.

कोथरूडकर_आजी:
च्यायला शिवी नाही हो आता, पूर्णविराम आहे.

सुट्टीवर:
मी पुण्यात स्पॅनिश शिकले, आमच्या बाई स्पेनमध्ये राहून आलेल्या, त्यांनी वेगळाच पाद्रे शिकवला, तिकडे 'उन सुस्तो पाद्रे' म्हणजे जबरदस्त भीती, पाद्रे म्हणजे मोठ्ठं. आणि माद्रे म्हणजे नदीचं पात्रसुद्धा! 'सालिर्से दे माद्रे' म्हणजे नदीने पात्र सोडणं, माणसाने ताळ सोडला तरी तेच. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला की मी घरात मोठ्याने म्हणते मुठा से सालिओ दे माद्रे, नवरा म्हणतो आधी गाडी काढ नदीपात्रातली.

फोंड्याचो:
आमच्या पाद्रीला विसरलात. पाद्री हा पोर्तुगीज पाद्रेच. बटाटा, पगार, चावी, साबण सगळे त्याच बोटीतून उतरले. पण स्पॅनिशच्या भरवशावर राहू नका, अर्जेंटिनात बुएनोस आइरेसला मी ऐटीत 'बाताता' मागितला आणि ताटात रताळं आलं. बटाट्याला तिकडे पापा. पापा म्हणजे पोपही. शेवटच्या आ वर जोर दिला की बाबा. उपास नसताना रताळं खाल्लं.

चहाबाज:
कुकर झाला. म्हणजे मेक्सिकोत मामा आई, पापा बटाटा आणि बाप झकास. आमच्या घरी फक्त शेवटचं चुकीचं आहे.

पावभट्टी:
खमिराच्या पावाचं जे विरजण असतं ना, त्यालाही मासा माद्रे म्हणतात, म्हणजे पिठाची आई. माझी तीन वर्षांची आहे. रोज कणीक-पाणी घालावं लागतं, गावाला जाताना शेजारी ठेवून जाते. मुलगा म्हणतो आई, तू आईला जेवढं खायला घालतेस तेवढं मला घाल.

सुट्टीवर:
@पावभट्टी नुसत्या कणकेवर जगते? माझी चार दिवसात गुलाबी पडली, वास तर विचारू नका.

पावभट्टी:
गुलाबी म्हणजे गेली, टाकून द्या. पाणी जास्त झालं असेल, नाहीतर बरणी ओली.

तळ्याकाठची:
आज 10 मे ना? मेक्सिकोत मातृदिन कायम 10 मेलाच, वार कुठलाही असो, 1922 पासूनचं आहे. आमचं ऑफिस दुपारीच ओस पडायचं. तो मोतीबिंदूवाला त्या दिवशी मुद्दाम माझ्या टेबलापाशी आला, म्हणाला मामा मजेत आहे, आता तुला लांबूनच ओळखते, 'ती माद्रेवाली' म्हणून.

बिनपगारी:
के पाद्रे!

सुट्टीवर:
@पावभट्टी थोडी माद्रे मिळेल का? कर्वे नगरला आहे मी.

पावभट्टी:
काचेची बरणी आणा, कोरडी, झाकण सैल. रविवारी अकराच्या आत या, नंतर मी झोपते.