बंधाऱ्याने घरं वाचतील, पुळणीचं (वाळूच्या किनाऱ्याचं) काय?
मालवणजवळच्या देवबागला समुद्राच्या बाजूने दगडी बंधारा घातला की पर्यटन वाचेल असं काहीजण म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे अरबी समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, घरं वाचवायला बंधारा हवाच, त्यात वाद नाही. पण पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतर शांत समुद्र ती हळूहळू परत आणून टाकतो, तिथे दगड आले की लाट आपटून पायथ्याचीच वाळू खरवडते आणि पुळण मग नीट भरत नाही. लोक तारकर्ली-देवबागला येतात ते पुळणीसाठीच ना? शिवाय कासवांना अंडी घालायला मऊ वाळू लागते, दगड चढून ती कशी जाणार! किनाऱ्याची वाळू टिकवायची तर आधी नदीतल्या वाळूउपशाबद्दल बोला की.