टाइमझोन नाही, वाय बघा

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत ३१ डिसेंबर २०२५ छापताना ३१-१२-२०२६ येतंय, असा प्रश्न आहे आणि वरच्या उत्तरांत सगळे टाइमझोनच्या मागे लागलेत. टाइमझोन चुकला तर तारीखच सरकेल. दिवस-महिना बरोबर आणि नुसतं वर्ष पुढे, असं त्याने होत नाही.

पॅटर्नमध्ये, म्हणजे तारीख कशी छापायची ते सांगणाऱ्या अक्षरांत, चार कॅपिटल वाय (YYYY) आहेत का बघा. कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांवरून मोजलेलं वर्ष. आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. १ जानेवारी २०२६ ला गुरुवारच आहे, म्हणजे सोमवार २९ डिसेंबरपासूनच २०२६ लागलं. (लोकेल, म्हणजे देश-भाषेचं सेटिंग, अमेरिकन असेल तर आठवडा रविवारचा, मग घोळ २८ पासून.) चारही वाय स्मॉल करा, काम झालं.

हा बग महा डांबरट आहे. एरवी वर्षभर दोन्ही वाय एकच उत्तर देतात, त्यामुळे टेस्टिंगमध्ये सापडतच नाही. मला तो सापडला तेव्हा कोड लाइव्ह जाऊन आठ महिने झाले होते!

आणि हो, पायथॉन या दुसऱ्या भाषेवरून येणाऱ्यांनी जरा जपून. तिथे टक्क्याच्या चिन्हापुढचा कॅपिटल वाय (%Y) हेच साधं वर्ष, आणि एमचंही उलटं: स्मॉल एम महिना, कॅपिटल एम मिनिटं. जावात कॅपिटल एम महिना, स्मॉल एम मिनिटं. माझ्या लॉगमध्ये एकदा ४७वा महिना उगवला होता तो असाच.