चिंपांझीची वाळवीची काडी : शिकलेली की उपजत?

रानकाठी : चिंपांझी वारुळातून काडीने वाळवी काढतात, त्याला लगेच 'संस्कृती', म्हणजे एकमेकांकडून शिकलेली परंपरा, म्हणायची घाई कशाला? १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी पाहिलेलं काम तसं साधं आहे. बोटाने बुजलेलं भोक उकरायचं, गवताची काडी आत सरकवायची, सैनिक वाळवीने ती जबड्यात धरली की हळूच ओढायची. हिसका दिला तर वाळवी भोकाच्या कडेलाच खरवडली जाते. टोक वाकलं तर चावून टाकायचं, नाहीतर काडी उलटी धरायची. भोक दिसलं की काडी खुपसणं पिंजऱ्यातले चिंपांझीही न शिकवता करतात.

कुंचा : खुपसणं उपजत असेल, मान्य. काँगोतल्या गुआलूगोत काय चालतं ते बघा. जमिनीखालच्या वारुळासाठी आधी जाड काठी दोन्ही हातांनी, प्रसंगी पायाने रेटून खाली घालतात, उपसून टोकाचा वास घेतात. मग वनस्पतीचा देठ दातांतून ओढून टोकाचा कुंचा करतात. पिंजारलेल्या तंतूंना जास्त वाळवी चिकटते. गोंबेतही वाळवी त्याच मॅक्रोटर्मिस गटातली, पण तिथे कुंचा नाही.

रानकाठी : फरक परिस्थितीनेही पडतो. पश्चिम आफ्रिकेत, गिनीतल्या बोसूत चावऱ्या काळ्या लष्करी मुंग्यांसाठी काडी लांब, कमी आक्रमक तांबड्यांसाठी आखूड. यात परंपरा कुठे आली? मुंग्या चावतात, म्हणून हात लांब ठेवायचा.

कुंचा : काडीच्या लांबीपुरतं ठीक. पण बोसूपासून जेमतेम ६ किलोमीटरवरच्या निंबा डोंगरात चिंपांझींपुढे तेलताडाच्या बिया आणि दगड मांडले, पुढे फोडलेल्या बियाही ठेवल्या. एकानेही बी फोडली नाही. हा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. बोसूत मात्र हेच रोजचं.

रानकाठी : त्या प्रयोगाला मुदत किती, काही महिने! बोसूच्या पिल्लांना खाली ऐरणीचा दगड, त्यावर बी, वरून घाव हे जुळवायला ३ ते ५ वर्षं लागतात. बी घरंगळते, दगड डुगडुगतो.

कुंचा : ती वर्षं पिल्लू एकटं नसतं, हाच तर मुद्दा. आईच्या पुढ्यात बसून बघतं, तिने फोडलेला गर उचलतं, तिचा दगड हाताळतं. सातव्या वर्षापर्यंत नाही जमलं तर पुढे सहसा जमतच नाही. निंबात बघायला कोण होतं?